पेन्सिल न लागलेला फोटो

परवा माझ्या भाचीची मुलगी ऋतू लातूरच्या घरी आली होती. मी स्वयंपाकघरात आंबट चुका निवडत बसले होते, तर तिनं मोबाइलवर माझा फोटो काढला आणि कौतुकानं मला दाखवला. फोटोतली बाई माझ्याच साडीत होती, माझ्याच पाटावर बसली होती, चष्माही माझाच होता. पण तिचे गाल पीठ चोपडल्यासारखे गुळगुळीत होते. मी विचारलं, माझे वण कुठं गेले? ती म्हणाली, आजी, मोबाइल ते आपोआप काढून टाकतो, आपल्याला काही करावं लागत नाही. मी तिला म्हटलं, तो आपोआपपणा बंद कर आणि परत काढ. पोरीला वाटलं आजी रागावली. रागावलेच होते, पण तिच्यावर नाही. हे माझं जुनं भांडण आहे आणि ते मी वयाच्या विशीत जिंकलेलं आहे. जिंकलेलं भांडण म्हातारपणी एखाद्या यंत्रानं परस्पर हरवून टाकावं, हे मला चालत नाही.

मला देवी आल्या तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. त्या दुखण्यातलं मला फारसं आठवत नाही. अंगाखाली पसरलेला कडुलिंबाचा पाला आठवतो आणि खाजवू नये म्हणून अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, धरून ठेवलेले माझे हात आठवतात. जीव वाचला आणि चेहऱ्यावर वण राहिले, गालांवर दाट, कपाळावर विरळ. शाळेतली पोरं मला चाळणी म्हणायची. घरात मात्र त्याबद्दल कधी कुणी चकार शब्द काढत नसे. आरशाची जागा तेवढी बदलली. तो पडवीतल्या उजेडातून माजघराच्या अंधाऱ्या भिंतीवर गेला, आणि तो का हलवला हे कुणी कुणाला विचारलं नाही.

आमचं घर अहमदपूरला धान्यबाजाराच्या, मोंढ्याच्या, मागच्या गल्लीत होतं. अप्पांची, म्हणजे वडिलांची, मोंढ्यात आडत होती. खेड्यापाड्यांतून आलेला माल आमच्या दुकानापुढं उतरायचा आणि तिथंच त्याचा सौदा व्हायचा. सकाळी जाग यायची तीच बैलांच्या घुंगरांनी आणि पोतं पाठीवर घेताना हमालांच्या तोंडून निघणाऱ्या हुंकारानं. अव्वा त्याच्याही आधी उठलेली असे. अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन ती कोपऱ्यात पूजेला बसायची, आणि तेवढा वेळ घरात कुणी भांडंसुद्धा वाजवायचं नाही. पूजा आटोपली की चूल पेटायची आणि परातीतल्या भाकरीची थापथाप सुरू व्हायची. ती थाप आमच्या सगळ्या सकाळींना पुरून उरायची. ताटात गरम भाकरी, तिच्यावर तेलाची धार, बाजूला कारळाची चटणी. सणाला गव्हाची गोड हुग्गी. काका, म्हणजे अप्पांचे धाकटे भाऊ, आमच्यातच राहायचे. अजून लग्न व्हायचं होतं त्यांचं, आणि बाकीच्यांची लग्नं जुळवणं हाच त्यांचा आवडता उद्योग होता.

त्या घरात फोटो ही चैन नव्हती, ते एक काम होतं. लग्नात एक, आणि घरातलं माणूस गेलं की भिंतीवर एक. अप्पा म्हणायचे, "लग्नाला फोटो, मढ्याला फोटो. मधल्या माणसाला फोटो कशाला?" मी त्या मधल्या माणसांतलीच होते. म्हणून नांदेडच्या शिवामामानं नवा कॅमेरा घेतल्यावर त्याचा जुना डबा कॅमेरा मला आणून दिला, तेव्हा घरात कुणालाच त्याचा अर्थ लागला नाही. मामा सरकारी कचेरीत कारकून होता, स्वभावानं मऊ. वण असलेल्या भाचीला काहीतरी द्यावं असं सगळ्याच नातेवाइकांना अधूनमधून वाटायचं. कुणी बांगड्या द्यायचं, कुणी पावडरचा डबा. असल्या वस्तू मी बाजूला ठेवून द्यायचे. कॅमेरा मात्र मी घेतला आणि परत कुणाच्या हातात जाऊ दिला नाही.

मी तेव्हा गावातल्याच कॉलेजात शिकत होते. कॅमेऱ्याचं मला काही कळत नव्हतं. पहिला रोल सगळा धूसर निघाला. रोल मामामार्फत नांदेडच्या एका स्टुडिओत धुवायला जायचा. तो स्टुडिओ युसूफभाई नावाचे गृहस्थ चालवायचे. त्यांनी मामाजवळ निरोप धाडला की बाईंना सांगा, इतक्या जवळ जाऊ नका, हा कॅमेरा जवळचं बघत नाही, चार पावलं मागं सरा. मी मागं सरले आणि मला घर दिसायला लागलं. एरवी ज्याच्यावरून नुसती नजर फिरायची ते सगळं त्या चौकोनात आलं की थांबायचं. बाजेवर वाळत घातलेल्या कुरडया आणि त्यांच्या सावल्या. दुकानाच्या उंबऱ्यात काढून ठेवलेल्या वहाणा. चुलीपुढं उकिडवी बसलेली पाठमोरी अव्वा आणि तिच्या लुगड्याखालून दिसणाऱ्या भेगाळलेल्या टाचा. मोंढ्यात सांडलेलं धान्य झाडून नेणाऱ्या बाया, खराटा हातात धरून घटकाभर टेकलेल्या.

उजेडाची गोष्ट मला अव्वाच्या सारवणानं शिकवली. मागचं अंगण ती शेणानं सारवायची, आणि तिच्या बोटांच्या अर्धगोल रेघा जमिनीवर उमटायच्या. भर दुपारी त्याचा फोटो काढला तर सगळं सपाट आलं, जमीन की कागद ते कळेना. तेच ऊन कलल्यावर काढलं, तर प्रत्येक बोटाची रेघ वर उठून आली. उजेड समोरून पडला की वस्तू गप्प बसते, आणि कडेनं आला की ती बोलायला लागते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, माझं मी शोधलं होतं. आणि माझं मी शोधलेलं असं तोवर माझ्याजवळ दुसरं काहीच नव्हतं.

घरी फोटो आले की हसाहस व्हायची. काका पत्त्यांसारखे पिसायचे आणि म्हणायचे, ही पोरगी कॅमेऱ्याला उकिरडा दाखवायलीय. अव्वा हसायची नाही. टाचांचा फोटो तिनं दारात नेऊन उजेडात बघितला, बराच वेळ बघितला, आणि विचारलं, माझ्या टाचा एवढ्या फुटल्यात? मग म्हणाली, ठेव, पण कुणाला दाखवू नको. अप्पांना दुसरे आडते बोलले असावेत, की तुमची पोरगी हमालांत कॅमेरा घेऊन हिंडते. त्यांनी मला मोंढ्यात यायला बंदी केली. मी घराच्या धाब्यावर, माळवदावर गेले. वरून मोंढा जास्तच चांगला दिसायचा, आणि माळवदावर जायला बंदी करायचं अप्पांच्या लक्षात आलं नाही.

मग स्थळं बघायला सुरुवात झाली आणि स्थळासाठी फोटो हवा झाला. मला नांदेडला नेलं. मामीनं तिचं रेशमी पातळ नेसवलं, पावडरचा थर दिला, वेणीत अबोली माळली. युसूफभाईंनी मला पडद्यापुढं बसवून दोन मोठे दिवे थेट तोंडावर सोडले. उजेड समोरून. मी तेव्हाच ओळखलं, पण गप्प बसले. आठवड्यानं मामाबरोबर फोटो आणायला गेले तर पाकिटातून एक देखणी मुलगी निघाली. नाक माझं, डोळे माझे, गाल कुणाचे तरी. युसूफभाई फार खुशीत होते. त्यांनी मला आत बोलावून काम दाखवलं. एक तिरकी काच, तिच्याखाली दिवा, काचेवर माझी निगेटिव्ह आणि हातात सुईसारखं टोक केलेली पेन्सिल. एकेक खड्डा भरून काढला, असं ते म्हणाले. माणूस वाईट नव्हता. आपण एका मुलीचं भलं केलं, असं त्यांना मनापासून वाटत होतं. मी खड्डा हा शब्द ऐकला आणि रस्त्याच्या कामावर आल्यासारखी उभी राहिले.

घरी सगळ्यांना फोटो आवडला. काकांनी तो निलंग्याच्या एका स्थळाकडं धाडला आणि चार दिवसांत पसंतीचा निरोप आला. आता नुसती बघण्याची रीत पार पाडायची, असं काका सांगत सुटले. त्या दिवशी सकाळपासून घरात सुशीला करायची गडबड होती. चुरमुरे भिजवायचे, फोडणीत शेंगदाणे, वरून खोबरं-कोथिंबीर. पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील, आई आणि एक आत्या. मी ताटल्या घेऊन बाहेर आले, खाली बसले. कुणी काही विचारलं नाही. मुलाच्या आत्यानं पिशवीतून फोटो काढला, हात लांब करून माझ्या तोंडाशेजारी धरला, एकदा इकडं आणि एकदा तिकडं बघितलं.

"फोटोतली पोरगी कुठं हाय?" तिनं अव्वाला विचारलं.

काकांनी सारवासारव केली की फोटोत उजेडाचा जरा फरक पडतो, पोरगी शिकलेली हाय, हाताला चव हाय. मुलगा खाली मान घालून सुशीला खात होता. त्याचे वडील उठले. ते निलंग्याच्या बाजारातले व्यापारी होते, आणि त्यांनी अप्पांना नेमकं तिथंच गाठलं जिथं अप्पांना लागणार होतं. "वानगी एक दाखवायची अन् पोत्यात माल दुसरा, असं मोंढ्यात बी कुणी करत न्हाई, मालक," ते म्हणाले आणि वहाणा घालून निघाले. अप्पांच्या दुकानात वानगीची ओंजळ आणि पोत्यातलं धान्य यांत कधी फरक निघाला नव्हता. तीच त्यांची इज्जत होती. ते दारापर्यंतसुद्धा गेले नाहीत. लोडाला टेकून बसले होते तसेच बसून राहिले. ताटल्यांत उरलेली सुशीला कावळ्यांना घातली गेली.

मला रडू आलं नाही. लोक अजून विचारतात, तेव्हा काय वाटलं असेल हो तुम्हाला? अपमान वाटला, हे खरं. पण त्याहून जास्त राग आला, आणि तो त्या आत्यावर नव्हता. तिनं तर खरा प्रश्न विचारला होता. फोटोतली पोरगी खरंच आमच्या घरात नव्हती. तिला पुढं करून मला तिच्यामागं उभं केलं होतं, आणि ती इथं नाहीच हे कळल्यावर सगळ्यांना दिसले ती मी, जणू मीच लबाडी केली होती.

काकांना वेगळाच बोध झाला. त्यांचं म्हणणं, चूक वेळेची झाली. सकाळचं ऊन थेट पडवीत येतं. पुढच्या वेळी दिवेलागणीला बोलवू, कंदील जरा लांब ठेवू. उमरीचं एक स्थळ त्यांच्या मनात होतंच आणि तोच फोटो पाठवायचा ठरत होता. मी जेवण वाढत होते. हातातलं भाकरीचं टोपलं खाली ठेवलं आणि अप्पांकडं बघून म्हटलं, "ती पोरगी आपल्या घरात न्हाई. तिचं लगीन करायचं आसंल तर तिला हुडकून आणा. मी आता कुणापुढं बसणार न्हाई. बसायचंच आसंल तर आधी त्यांनी माझा फोटो बघायचा. माझा."

आमच्या घरात अप्पांशी असं कुणी बोलत नसे. काकांनी घास हातातच धरला. अप्पा हात धुवायला उठले.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर मी कॅमेरा काढला. मागच्या दाराची चौकट मला पाठ होती. ऊन तिथं कडेनं येतं, आणि भिंतीवरची माशीसुद्धा सावलीसकट दिसते. मी घरातलंच पातळ नेसलेली होते. तोंड धुतलं, पावडर लावली नाही, केस होते तसे राहू दिले. मी दाराला टेकून उभी राहिले आणि डावा गाल उन्हाकडं केला, कारण वण डाव्या गालावर दाट आहेत. मग बटण दाबायला कुणी नव्हतं म्हणून अव्वाला हाक मारली.

अव्वानं उभ्या आयुष्यात कॅमेरा हातात धरला नव्हता. पीठ लागलेले हात तिनं दोनदा पुसले. मी तिला अंतर मोजून उभं केलं आणि सांगितलं, एक डोळा मीट आणि ह्या भोकातून बघ. तिला एक डोळा मिटताच येईना, दोन्ही मिटायचे. शेवटी तिनं पदराचं टोक एका डोळ्यावर धरलं आणि दुसऱ्यानं बघितलं. मग बराच वेळ ती नुसतीच बघत राहिली. मला वाटलं तिला दिसत नसेल. पण तिला दिसत होतं. आरसा अंधारात नेल्यापासून तिनं माझ्याकडं इतकं सरळ कधी बघितलंच नसावं.

"हसती का जराशी?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, नाही. तिनं दाबलं. एवढासा आवाज झाला आणि अव्वा दचकून कॅमेऱ्याकडं बघायला लागली, काही मोडलं तर नाही ना म्हणून.

रोल नांदेडला गेला. युसूफभाईंचा मामाजवळ निरोप आला की हलकीशी पेन्सिल फिरवतो, पैसे नकोत. मी कळवलं, फिरवायची नाही, आणि मोठा करून द्या. फोटो आला तेव्हा मी एकटीनं माळवदावर जाऊन पाकीट फोडलं. प्रत्येक वण दिसत होता. एका बाजूला ऊन आणि एका बाजूला बारीकशी सावली असलेला, सारवलेल्या जमिनीसारखा, हातानं केल्यासारखा चेहरा. मी तिथं सुंदर होते असं मी म्हणणार नाही. सुंदर हा शब्द मला तेव्हाही उपयोगाचा नव्हता. मी तिथं होते, एवढंच. आणि जी पोरगी कॅमेऱ्याकडं बघत होती ती कुणाची माफी मागत नव्हती.

अप्पांनी फोटो बघून पालथा ठेवला आणि हा बाहेर जाणार नाही, असं सांगून टाकलं. त्यानंतरचे दिवस घर मुकं झालं. अप्पा जेवायला बसायचे, मी वाढायचे, भाकरी मोडल्याचा आवाज तेवढा यायचा. काकांनी मला समजावून बघितलं, धमकावून बघितलं, अशानं जन्मभर घरात बसशील असंही सांगितलं. मी म्हटलं, बसेन. घरात फोटो काढण्यासारखं पुष्कळ आहे. आज वाटतं, त्या वयात इतकं ताठ बोलायला बळ कुठून आलं? बळ होतं ते त्या फोटोचं. एकदा स्वतःला तसं बघितल्यावर मला परत दुसरीसारखं दिसणं जमण्यातलं नव्हतं.

उमरीला जायचा दिवस आला. अप्पा कोट घालून निघाले. पेन्सिलीचा फोटो कोटाच्या खिशात होता, हे सगळ्यांना माहीत होतं. अव्वा चुलीपुढून उठली, माझा फोटो घेऊन दारात गेली आणि त्यांच्यापुढं धरला. अप्पांनी तो घेतला नाही. ह्याच्यापायी पुन्हा तोंड काळं करून घेऊ का, असं काहीतरी ते पुटपुटले.

अव्वा हळूच बोलली, पण मला माजघरात ऐकू आलं. "ह्यो मी काढलाय. इतक्या वर्षांत माझ्या हातचं जेवण तुमी खोटं म्हणला न्हाई. ह्यो फोटो बी माझ्या हातचाच हाय."

अप्पांनी तिच्या हातातून फोटो घेतला, दुसऱ्या खिशात घातला आणि एसटी स्टँडकडं गेले. तिथं पोचल्यावर ते कुठला फोटो काढणार, हे आम्हाला दोघींनाही ठाऊक नव्हतं. अव्वानं त्या दिवशी ज्वारी निवडायला घेतली आणि निवडलेलीच परत परत निवडत बसली. मी कॅमेऱ्याला हात लावला नाही. वाचायला पुस्तक घेतलं, आणि एकच पान किती वेळ उघडं होतं देव जाणे.

अप्पा ऊन उतरायच्या सुमाराला परत आले. पाय धुतले, दस्तीनं तोंड पुसलं, खाली बसले. अव्वानं पाणी दिलं आणि विचारलं नाही. काकांनी विचारलं. अप्पा तांब्याकडं बघत बोलले.

"त्यांनी फोटो बघितला. म्हणले, ह्याच्यापरीस बरा आसंल तर दाखवा. पेन्सिलीचा खिशातच होता." ते घोटभर पाणी प्यायले. "मी म्हणलो, न्हाई. माझी पोरगी अशीच हाय. मग उठून आलो. च्या बी घेतला न्हाई."

आमच्याकडं पाहुण्याच्या घरचा चहा न घेता उठणं म्हणजे संबंध तिथंच संपणं. त्यांनी नाकारायच्या आत अप्पाच उठले होते. काका काहीतरी बोलणार होते, अप्पांनी नुसता हात वर केला. मग मला म्हणाले, वाढ, भूक लागलीय. मी वाढलं. चटणी जास्त पडली ताटात, त्यांनी ती सगळी खाल्ली. माझ्या आयुष्यात कुणी माझी बाजू घेतली असं मी म्हणते ते त्या जेवणापासून.

पुढं स्थळांचा विषय आपोआप मागं पडला. मी पदवी घेतली आणि बी.एड.साठी नांदेडला मामाकडं राहायला गेले. लग्न नंतर झालं, बऱ्याच उशिरा, मी शिकवायचे त्याच शाळेतल्या एका शिक्षकाशी. त्यांना फोटो पाठवायची वेळच आली नाही, ते माझं तोंड रोज बघत होते. ते सगळं वेगळं आहे. इथं एवढंच सांगायचं राहिलंय, की नांदेडला गेले त्याच आठवड्यात मी बाजारातून चालले होते आणि युसूफभाईंच्या स्टुडिओपुढं माझे पाय थांबले. बाहेरच्या काचेच्या कपाटात, नवरानवरीच्या जोड्या आणि गुटगुटीत बाळं यांच्यामध्ये, ती पोरगी लटकत होती. अबोलीची वेणी, गुळगुळीत गाल. मोठी केलेली, रंग भरलेली.

मी आत गेले आणि सांगितलं, हा फोटो उतरवा. युसूफभाईंनी मला ओळखलं, खुर्ची दिली. फोटो उतरवायचं ऐकून मात्र त्यांचा चेहरा पडला. ते म्हणाले, माझ्या हातचं सगळ्यात बारीक काम आहे ते, बाई, लोक तेच बघून आत येतात. मी म्हटलं, काम तुमचं असेल, चेहरा माझा आहे. त्यांनी मान हलवली. उतरवतो कधीतरी, असं म्हणून ते दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळले.

मी बाहेर आले आणि काचेच्या कपाटाला लागून उभी राहिले. त्या फोटोच्या अगदी शेजारी, रस्त्याकडं तोंड करून. पदर खांद्यावर, ऊन गालावर. बाजाराची वेळ होती. येणारे-जाणारे फोटो बघायचे, मग मला बघायचे, मग परत फोटो. काही हसले. दोन बाया थांबून एकमेकींशी कुजबुजल्या. एका माणसानं विचारलंच, बाई, ही तुमची बहीण का? मी म्हटलं, न्हाई, मीच, पेन्सिल लावलेली. लोकांनी माझ्या चेहऱ्याकडं चोरून बघण्यात माझी सगळी वर्षं गेली होती. त्या दिवशी मी त्यांना समोरून बघायला लावलं, आणि नजर त्यांनाच खाली घ्यावी लागली.

शेवटी युसूफभाई बाहेर आले. रागावले नव्हते, गोंधळले होते. चला बाई आत, नक्को असं, ते म्हणाले. त्यांनी किल्ली लावून कपाट उघडलं, फोटो खिळ्यावरून काढला आणि माझ्या हातात दिला. मग त्यांनी विचारलं की तुमच्या आईनं काढलेला तो दुसरा, बगैर पेन्सिलीचा, तुमच्याजवळ आहे का? माझ्या हातून धुतला गेला होता, ते म्हणाले, ऊन मोठं चांगलं धरलं होतं त्यात. आणून द्या, कुठंतरी लावीन.

पुढच्या रविवारी मी तो नेऊन दिला. युसूफभाईंनी हातोडी घेतली आणि कपाटाच्या खालच्या कोपऱ्यात, बाळांच्या रांगेच्या शेवटी, खिळ्यासाठी जागा चाचपायला लागले.

मी म्हटलं, "कोपऱ्यात न्हाई. मधोमध."

त्यांनी वळून माझ्याकडं बघितलं आणि हसले. मी हसले नाही. मग त्यांनी मधली नवरानवरी उतरवली, आणि त्यांच्या जागी मी लागले.